माझगावचे चिनी

नंदुरबारला बसस्थानकाबाहेर, शहाद्याच्या बाजारपेठेत, नवापूरला स्टेशनकडे जाताना दिवेलागणीला लाल अक्षरांच्या गाड्या सुरू होतात. गॅसच्या भगभगत्या ज्योतीवर लोखंडी कढई हिंदकळते. उभा चिरलेला कोबी, उकडलेल्या नूडल्स आणि सोया सॉस एकत्र होतात आणि वरून पडते लाल मिरचीची शेजवान चटणी. मिरचीच्या बाबतीत नंदुरबारकरांना कुणी शिकवायला नको. हंगामात पथाऱ्यांवर वाळत घातलेल्या मिरचीचा लाल पट्टा लांबूनच दिसतो. गाडीभोवती उभी असलेली पोरे भिल्ल, पावरा, गुजर, मराठा, मुसलमान अशी सगळ्या घरची असतात. गाडीवर मोठ्या अक्षरांत 'चायनीज' लिहिलेले असते आणि त्या गर्दीतल्या बहुतेकांनी चिनी माणूस प्रत्यक्षात कधी पाहिलेला नसतो.

त्या गाड्यांवरच्या 'हक्का नूडल्स'मधला 'हक्का' हा शब्द दक्षिण चीनमधल्या एका समाजाचे नाव आहे. या समाजातली माणसे दीडशे वर्षांपूर्वीपासून कोलकात्यात येऊन राहिली, टांग्रा भागात त्यांनी कातडी कमावण्याचे कारखाने काढले, चपला-बूट शिवले, पुढे ब्यूटी पार्लर आणि हॉटेले चालवली. आज त्यांचे नाव सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत पोचले आहे आणि ती स्वतः मात्र मोठ्या संख्येने टोरांटोला निघून गेली आहेत. त्यांच्याबरोबर कँटनकडून आलेले सुतार आणि खलाशी, हुपे प्रांतातून आलेले दंतवैद्य, शांतुंगहून आलेले रेशमाचे फेरीवाले असे अनेक गट या देशात होते. बाहेरच्यांनी सगळ्यांना 'चिनी' या एकाच खणात घातले.

एखादा समाज आपली ओळख चारचौघांत किती मिरवतो हे त्याच्या स्वभावावर अवलंबून असते, असे आपण सहज धरून चालतो. चिनी वंशाच्या भारतीयांचा इतिहास पाहिला की हे पटेनासे होते. देवळाचे दार कधी सताड उघडे ठेवायचे आणि कधी लोटून घ्यायचे, पाटी कोणत्या लिपीत लावायची, मुलाचे नाव काय सांगायचे, हे सगळे दिल्लीत कोण बसले आहे, पेकिंगमध्ये कोण बसले आहे आणि त्या दोघांचे आपसात कसे चालले आहे यावरून ठरत गेले. या समाजाच्या हातात त्यातले फारच थोडे होते.

आपल्या राज्यापुरते बोलायचे तर ही गोष्ट महाबळेश्वरपासून सांगता येते. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी सिंगापूर, पेनांग अशा वसाहतींतले चिनी आणि मलायी कैदी या थंड हवेच्या ठिकाणी आणून ठेवले होते. सुमारे १२० कैद्यांचा तुरुंग होता. या माणसांनी तिथे बटाटा आणि विलायती भाज्यांचे मळे फुलवले, वेताच्या टोपल्या आणि खुर्च्या विणल्या. १८६४ मध्ये तुरुंग बंद झाला. त्यांच्या मळ्यांच्या बाजूच्या धबधब्याला 'चायनामन' हे नाव पडले ते आजतागायत आहे. दरवर्षी हजारो कुटुंबे तिथे उभी राहून फोटो काढतात, पण ज्यांच्यावरून हे नाव पडले त्यांच्यापैकी एकाचेही नाव त्यांना ठाऊक नसते.

मुंबईत चिनी आले ते समुद्रावरून. मुंबई आणि कँटन यांच्यात कापूस आणि अफूचा व्यापार जोरात होता आणि मुंबईच्या कित्येक जुन्या घराण्यांची श्रीमंती त्यातून उभी राहिली. जहाजे जात-येत राहिली तसे त्यांवरचे चिनी खलाशी, सुतार आणि फिटर गोदीच्या आसपास थांबू लागले. माझगाव आणि कामाठीपुऱ्याकडची सुखलाजी गल्ली या त्यांच्या वस्त्या. कँटन प्रांतात 'सी यप' म्हणजे चार परगण्यांचा एक भाग आहे. तिथल्या लोकांनी १९१९ मध्ये माझगावात 'सी यप कून' नावाने आपले मंडळ आणि देऊळ थाटले.

हे देऊळ आजही आहे. डॉकयार्ड रोड स्टेशनवरून चालत जाता येते. बाहेरून पाहिले तर आजूबाजूच्या घरांसारखेच जुने घर, दाराचा लाल रंग तेवढा डोळ्यांत भरतो. जिना चढून वर गेले की उदबत्तीच्या धुराने काळवंडलेली हवा, लाकडावर कोरलेली सोनेरी अक्षरे आणि समोर क्वान कुंग. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेला हा सेनापती दिलेल्या शब्दाला जागणारा म्हणून पूजला जाऊ लागला. परमुलखात उधारीवर, विश्वासावर जगणाऱ्या खलाशांना आणि व्यापाऱ्यांना हाच देव जवळचा वाटावा यात नवल नाही. भाविक बांबूच्या नळीतल्या काड्या खुळखुळवून कौल घेतात. जी काडी बाहेर पडेल तिच्या आकड्याप्रमाणे उत्तर वाचायचे. चिनी नववर्षाला, म्हणजे जानेवारीच्या उत्तरार्धात किंवा फेब्रुवारीत, शहरभर विखुरलेली कुटुंबे इथे जमतात, कंदील लागतात, लाल पाकिटे वाटली जातात. वसंतात पितरांचा दिवस येतो तेव्हा अँटॉप हिलच्या चिनी दफनभूमीत कबरी झाडून-पुसून तिथे अन्न ठेवतात.

मंडळ म्हणजे नुसते देऊळ नव्हते. नव्याने उतरलेल्या खलाशाला चार दिवस पाठ टेकायला जागा, कामाची ओळख, आजाऱ्याला मदत आणि मेल्यावर चार माणसांचा खांदा हे सगळे तिथेच मिळायचे. कोकणातून गिरणीत आलेल्या चाकरमान्यांच्या गावकीच्या खोल्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

इंग्रजांच्या काळात या लोकांकडे कुणी विशेष लक्ष दिले नाही आणि त्यांना तेच सोयीचे होते. पुढे दुसऱ्या महायुद्धात चीन इंग्रजांचा मित्र झाला. फेब्रुवारी १९४२ मध्ये चीनचे राष्ट्रवादी नेते च्यांग कै-शेक भारतात आले, कोलकात्यात गांधीजींना भेटले. त्या वर्षात चिनी असणे ही मिरवायची गोष्ट होती. त्याच वर्षी ९ डिसेंबरला सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस हपेई प्रांतातल्या एका खेड्यात जखमी चिनी सैनिकांची सेवा करता करता गेले, वय अवघे बत्तीस. १९३८ मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातले ते एक. व्ही. शांताराम यांनी त्यांच्यावर काढलेला 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' १९४६ मध्ये आला आणि चीन हे नाव मराठी घरात आपुलकीने घेतले जाऊ लागले.

१ ऑक्टोबर १९४९ ला पेकिंगमध्ये सरकार बदलले आणि पहिला पेच उभा राहिला. भारताने ३० डिसेंबर १९४९ ला नव्या साम्यवादी सरकारला मान्यता दिली. ज्यांच्या हातात जुन्या राष्ट्रवादी सरकारचा पासपोर्ट होता ते एका दिवसात बिनसरकारचे झाले. तैवानला गेलेल्या त्या सरकारला भारत ओळखत नव्हता आणि नव्या सरकारचे कागद घ्यायचे तर साम्यवादी ठरण्याची भीती. मंडळे, शाळा, वर्तमानपत्रे यांच्यात दोन तट पडले. राष्ट्रीय दिवस साम्यवाद्यांच्या १ ऑक्टोबरला पाळायचा की राष्ट्रवाद्यांच्या १० ऑक्टोबरला, भिंतीवर चिनी प्रजासत्ताकाचे जनक सुन यत-सेन यांच्या शेजारी तसबीर कुणाची लावायची, झेंडा कोणता, यावर भांडणे झाली. शंभर वर्षांत या माणसांना ज्याची गरज पडली नव्हती तो 'तुमचा देश कोणता' हा प्रश्न आता त्यांच्या घरात शिरला. भारतीय नागरिकत्व घेतलेलेही बरेच होते. पण पंचशील कराराच्या (१९५४) आणि 'हिंदी-चिनी भाई भाई'च्या दिवसांत घाई करावी असे फारसे कुणाला वाटले नाही. चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय येत होते, हार घातले जात होते. दाताच्या दवाखान्यावरची चिनी अक्षरांची पाटी तेव्हा गिऱ्हाईक आणत होती.

२० ऑक्टोबर १९६२ ला चिनी सैन्याने हल्ला केला. सहा दिवसांनी देशात आणीबाणी पुकारली गेली, भारत संरक्षण वटहुकूम निघाला आणि महिना संपायच्या आत विदेशी व्यक्तींच्या कायद्यात बदल करणारा वटहुकूम आला. पुढे त्याचा कायदा झाला. त्यातले एक कलम या सगळ्या प्रकरणाच्या मुळाशी आहे म्हणून ते नीट समजून घेतले पाहिजे. भारतावर आक्रमण करणाऱ्या देशाचा जो कधीकाळी नागरिक होता, किंवा ज्याच्या आई-वडिलांपैकी कुणी एक, किंवा आजी-आजोबांपैकी कुणी एक त्या देशाचा नागरिक किंवा प्रजाजन होता, अशा कुणालाही विदेशी माणसासारखे वागवण्याची मुभा सरकारला मिळाली. म्हणजे माझगावात जन्मलेली, महापालिकेच्या शाळेत शिकलेली, भारताची नागरिक असलेली मुलगी तिच्या आजोबांच्या जन्मगावामुळे या कायद्याखाली येत होती. तिने काय केले, ती काय बोलली, तिने कुणाला मते दिली याच्याशी कायद्याला देणेघेणे नव्हते.

त्या हिवाळ्यात महाराष्ट्राचे मन कसे होते हे विसरून चालणार नाही. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, 'सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला' असे घरोघर म्हटले जात होते. बायका अंगावरचे दागिने संरक्षण निधीत देत होत्या. लडाख आणि नेफामध्ये पडलेल्या जवानांचे दुःख खरे होते, राग खरा होता. पण तो राग ज्यांच्यावर निघाला त्यांतल्या कित्येकांनी हिमालय कधी पाहिलाही नव्हता. कोलकाता, आसाम, शिलाँग, दार्जिलिंग इथे सर्वाधिक झळ बसली, मुंबईतही बसली. बँक ऑफ चायनाची मुंबई आणि कोलकात्याची कार्यालये बंद झाली. चिनी वंशाच्या माणसांना पोलिसांच्या विदेशी नोंदणी शाखेत जाऊन नाव, पत्ता, धंदा द्यावा लागला. नोंदवलेल्या पत्त्यापासून चोवीस तासांहून जास्त दूर राहायचे असेल तर परवानगी घ्यावी लागत असे. पुण्याला बहिणीच्या घरी दोन रात्री मुक्काम करायचा तरी आधी पोलिसांकडे अर्ज. नोकरी गेली, भाड्याची जागा गेली, शेजाऱ्यांचा आवाज बदलला.

आसाममधल्या माकुमसारख्या गावांतून तर पुरुष, बायका, म्हातारी माणसे, तान्ही मुले यांना रेल्वेत बसवून राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेले. प्रवास सात-आठ दिवसांचा. एकूण सुमारे तीन हजार माणसे तिथे राहिली, काही काही महिने, काही चार-पाच वर्षे. ही छावणी मराठी माणसाला अगदीच अनोळखी नाही. १९४०-४१ मध्ये इंग्रजांनी साम्यवादी नेते श्रीपाद अमृत डांगे आणि बी. टी. रणदिवे यांना याच देवळीत डांबले होते, जयप्रकाश नारायणही तिथेच होते. वीस वर्षांनी स्वतंत्र भारताच्या सरकारला तीच जागा उपयोगी पडली. १९६३ मध्ये चिनी जहाजे मद्रास बंदरात आली आणि दोन हजारांहून अधिक माणसांना घेऊन गेली. त्यांतली कित्येक माणसे चीनला पहिल्यांदाच पाहत होती. तिथे त्यांना परदेशातून परतलेल्यांसाठीच्या सरकारी शेतांवर पाठवले गेले आणि सांस्कृतिक क्रांतीच्या काळात भारतातून आलेले म्हणून त्यांच्यावर संशय घेतला गेला. इकडे चीनचे हेर, तिकडे भारताचे हेर.

आणीबाणी कागदोपत्री जानेवारी १९६८ पर्यंत चालली. नोंदणी आणि परवानगीचे जोखड त्यानंतरही बरीच वर्षे मानेवर राहिले.

आपल्याकडे या प्रकाराला जुना शब्द आहे: हजेरी. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारधी, कैकाडी, मांग-गारुडी अशा कितीतरी जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले. गाव सोडायचे तर पास आणि रोज पोलीस पाटलाकडे हजेरी. सोलापूरला तारेच्या कुंपणातली वसाहत होती. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला. त्यानंतर दहाच वर्षांनी, माणसाला त्याच्या वंशावरून मोजायची आणि त्याच्या येण्या-जाण्याची नोंद ठेवायची तीच रीत दुसऱ्यांच्या वाट्याला आली. मला हे साम्य वरवरचे वाटत नाही. सरकारला नवे काही शोधून काढावे लागले नाही. नोंदवही, शिक्का, परवाना, ठरलेल्या दिवशी ठाण्यात उभे राहणे, सगळे तयारच होते. खानदेशात आजही एखाद्या पारधी वस्तीवर चोरीच्या तपासाला पोलीस आधी येतात, तेव्हा रद्द झालेला कायदाही माणसांच्या डोक्यात किती वर्षे टिकतो हे कळते.

हजेरीचा समाजाच्या वागण्यावर काय परिणाम होतो हे मुंबईच्या चिन्यांत दिसले. भारत सरकारने चिनी सण बंद केला नाही, लिपीवर बंदी घातली नाही, देवळाला टाळे लावायला सांगितले नाही. पण जो माणूस दर काही दिवसांनी ठाण्यात जाऊन उभा राहतो तो रस्त्यात ड्रॅगनचा नाच करत नाही. पाट्यांवरची चिनी अक्षरे गेली. मुलांची नावे ख्रिस्ती झाली. घरात कँटनी किंवा हक्का बोलायचे आणि दारात हिंदी-मराठी. चिनी शाळा ओस पडल्या. नववर्षाचे जेवण दारे-खिडक्या लावून होऊ लागले. पुढची पिढी कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलिया गाठू लागली.

इंडोनेशियात उलटे घडले. तिथल्या चिनी वंशाच्या लोकांची संख्या लाखांत, व्यापारात वजन मोठे. सुहार्तो सत्तेवर आल्यावर १९६७ मध्ये अध्यक्षीय आदेश क्र. १४ निघाला आणि चिनी सण-विधी चारचौघांत करण्यावर बंदी आली. चिनी नावे बदलून इंडोनेशियन नावे घ्यायला लावली, चिनी लिपीतले छापील साहित्य बंद झाले, शाळा बंद झाल्या. मे १९९८ मध्ये सुहार्तो पायउतार व्हायच्या आधी जकार्तात झालेल्या दंगलीत चिनी वस्त्या जळाल्या, बायकांवर अत्याचार झाले. २००० मध्ये अध्यक्ष अब्दुर्रहमान वाहिद यांनी तो आदेश रद्द केला. ते मुसलमान धर्मपंडितांच्या घराण्यातले, देशातल्या सर्वांत मोठ्या मुस्लिम संघटनेचे नेते. २००३ पासून चिनी नववर्ष तिथे राष्ट्रीय सुटीचा दिवस आहे. तेहतीस वर्षे दडवलेले ड्रॅगन पुन्हा रस्त्यावर आले. तरीही २०१७ मध्ये जकार्ताचे चिनी वंशाचे ख्रिस्ती राज्यपाल बासुकी पुर्नामा निवडणूक हरले आणि धर्मनिंदेच्या खटल्यात तुरुंगात गेले.

दोन्ही देश शेजारी ठेवून पाहावेत. इंडोनेशियाने संस्कृतीवर लेखी बंदी घातली, म्हणून ती लेखी उठवता आली. कुणी उठवली, कोणत्या तारखेला, हे सांगता येते. भारतात संस्कृतीवर बंदी नव्हतीच, म्हणून ती उठल्याचा दिवसही नाही. भीती सरकारी आदेशाने आली नव्हती, ती आदेशाने जाणारही नव्हती. मला ही दुसरी अवस्था जास्त अवघड वाटते.

लोकांच्या मनातला चिनी चेहरा घडवण्याचे काम सिनेमाने केले. 'हावडा ब्रिज' (१९५८) मधला मदन पुरींचा चँग, मग १९६२ मधला 'चायना टाउन'. तस्करी, अफू, अड्डा, बारीक डोळे. मुंबईतल्या स्टुडिओत बनलेला हा चिनी माणूस देशभर पोचला आणि माझगावातला दाताचा डॉक्टर किंवा केस कापणारी बाई पडद्यावर कधी आलीच नाहीत.

या सगळ्यात एका माणसाची गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण ती आपल्या राज्याच्या सीमेला लागून घडली. वांग ची हे चिनी सैन्यात सर्वेक्षणाचे काम करायचे. युद्ध थांबल्यावर, जानेवारी १९६३ मध्ये, ते वाट चुकून भारताच्या हद्दीत आले आणि पकडले गेले. सहा-सात वर्षे वेगवेगळ्या तुरुंगांत काढल्यावर १९६९ मध्ये न्यायालयाने त्यांना सोडायला सांगितले. पोलिसांनी त्यांना नेऊन सोडले ते बालाघाट जिल्ह्यातल्या तिरोडीला. तुमसरहून रेल्वेचा फाटा जातो ते मँगनीजच्या खाणींचे गाव, भंडाऱ्याच्या वेशीला लागून, मराठी जिथे सर्रास कानावर पडते. वांग पिठाच्या गिरणीत कामाला लागले, त्यांचे नाव राजबहादूर पडले, इथेच लग्न झाले, मुले झाली. ते युद्धकैदी नव्हते, नागरिक नव्हते आणि परत जायची परवानगीही नव्हती. २०१३ मध्ये चीनने त्यांना पासपोर्ट दिला आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये, चोपन्न वर्षांनी, ते मुलाबाळांसह आपल्या गावी गेले. आई तोवर वारली होती. तिरोडीच्या लोकांनी त्यांना परका मानला नाही. अडवले ते दोन सरकारांच्या कागदांनी.

कोटणीस आणि वांग ची यांची आयुष्ये मला नेहमी एकत्र आठवतात. कोटणीसांचा पुतळा चीनमधल्या शिच्याच्वांग शहरात आहे. भारतात येणारे चिनी नेते त्यांच्या कुटुंबाला आवर्जून भेटतात, २०१३ मध्ये पंतप्रधान ली ख-छियांग मुंबईत भेटले. दोन देशांना मैत्री दाखवायची असते तेव्हा सोलापूरचा डॉक्टर पुढे येतो. माझगावातल्या चिनी कुटुंबाला अशा समारंभांत कधी मान मिळाला नाही, आणि संबंध बिघडले की पहिली चौकशी मात्र त्यांची.

१९७० च्या दशकात चिनी माणूस पुन्हा दिसू लागला तो जेवणाच्या टेबलावरून. कुलाब्याचे नानकिंग, चर्चगेटचे कामलिंग ही जुनी नावे होतीच. कोलकात्याहून आलेल्या नेल्सन वांग यांनी १९७५ मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियात 'चिकन मंचुरियन' केले. मंचुरियात न मिळणारा हा पदार्थ आले-लसूण-मिरचीच्या फोडणीत कॉर्नफ्लोअर आणि सोया सॉस घालून झाला. मुंबईच्या तिखट जिभेची नाडी त्यांना बरोबर सापडली होती. तो पदार्थ क्लबातून गल्लीत आला, गल्लीतून तालुक्याला, कोंबडीच्या जागी कोबी आला आणि बघता बघता लग्नाच्या पंगतीत बसला. या समाजाने देशाला दिलेली ही गोष्ट सगळ्यांनी मनापासून स्वीकारली. तिच्यासाठी त्या समाजाची गरज मात्र उरली नाही.

जून २०२० मध्ये गलवान खोऱ्यात चिनी सैनिकांशी झालेल्या झटापटीत वीस भारतीय जवान हुतात्मा झाले. चार महिन्यांपूर्वीच, फेब्रुवारीत, केंद्रीय राज्यमंत्री रामदास आठवले यांनी गेटवे ऑफ इंडियासमोर चिनी वाणिज्य दूताला शेजारी घेऊन कोरोना जावा म्हणून प्रार्थना केली होती. गलवाननंतर त्यांनीच चिनी पदार्थांवर बहिष्कार टाकायचे, ते विकणारी हॉटेले बंद करायचे आवाहन केले. तेव्हा गाडीवर हातावर पोट असलेल्या खानदेशी पोरांचे काय, हा प्रश्न विचारला गेला आणि तो रास्तच होता. कोलकात्यात चिनी वंशाचे लोक भारतीय सैन्याला पाठिंब्याचे फलक घेऊन रस्त्यावर उतरले. जवळजवळ साठ वर्षांनंतरही त्यांना आपण इथलेच आहोत हे रस्त्यावर येऊन सांगावे लागले. मुंबई-पुण्यात शिकणाऱ्या, नोकरी करणाऱ्या मणिपूर-नागालँडच्या मुलामुलींना त्याच वर्षी 'चिनी', 'कोरोना' म्हणून हिणवले गेले. हिणवणाऱ्याने पासपोर्ट पाहिला नव्हता, डोळे पाहिले होते. पुढच्या जानेवारीत शेजारच्या गुजरात सरकारने ड्रॅगन फ्रूटचे नाव बदलून 'कमलम' केले; 'ड्रॅगन' म्हटले की चीन आठवतो असे कारण मुख्यमंत्री विजय रूपाणी यांनी दिले.

सण आणि नावे यांपेक्षा जड गोष्ट आहे मालमत्तेची. शत्रू मालमत्ता कायदा १९६८ चा. पाकिस्तान आणि चीनला गेलेल्यांची घरे, जमिनी, समभाग त्याखाली सरकारच्या ताब्यात आले. या मालमत्तांचा कारभार पाहणाऱ्या अभिरक्षकाचे मुख्य कार्यालय बरीच वर्षे मुंबईतच, बॅलार्ड इस्टेटमध्ये होते. स्थावर मालमत्ता बारा हजारांहून अधिक, त्यांत चिनी नागरिकांच्या सव्वाशेच्या आसपास. २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि वारस भारताचा नागरिक असला तरी त्याचा हक्क उरला नाही. १९६२ च्या कायद्यात आजोबांच्या नावाने नातवंडांवर जो शिक्का बसला होता, तोच इथे वारसाहक्कात पुन्हा बसला. माझ्या मते हा अन्याय आहे आणि तो दुरुस्त करण्यासारखा आहे.

देवळीतून सुटलेली बरीच कुटुंबे टोरांटोच्या आसपास स्थिरावली. त्यांनी अनेक वर्षे या विषयावर घरातही तोंड उघडले नाही. मुलांना मोठे झाल्यावर कळले की आईचे बालपण छावणीत गेले. देवळीतच जन्मलेल्या जॉय मा आणि मुंबईचे लेखक दिलीप डिसोझा यांनी मिळून 'द देवळीवालाज' हे पुस्तक २०२० मध्ये लिहिले आणि त्यात ही माणसे आपल्या आवाजात बोलली. त्यांना भरपाई हवी आहे असे नाही. भारत सरकारने चूक झाली एवढे म्हणावे, ही त्यांची मागणी. अमेरिकेने दुसऱ्या महायुद्धात डांबलेल्या जपानी वंशाच्या नागरिकांची १९८८ मध्ये कायदा करून माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला वीस हजार डॉलर दिले. त्याच वर्षी कॅनडानेही जपानी वंशाच्या लोकांची माफी मागितली आणि २००६ मध्ये चिनी स्थलांतरितांवर लादलेल्या डोईपट्टीबद्दलही. २०१७ मध्ये देवळीचे काही जुने रहिवासी, आता सत्तरी-ऐंशीला आलेले, बसने ओटावाला गेले आणि भारतीय उच्चायुक्तालयाच्या दारात पत्र घेऊन उभे राहिले. आतून कुणी बाहेर येऊन त्यांचे म्हणणे ऐकून घेतले नाही.